पेस्ट वाळेपर्यंत

पिकअपवाल्याला काच परवडते, थांबणं परवडत नाही. यवतमाळात दारव्हा रोडवरच्या माझ्या दुकानासमोर गाडी उभी राहते, ड्रायव्हर खाली उतरतो, पण इंजिन चालूच ठेवतो. "काच केवढ्याची हाये भाऊ?" हा पहिला प्रश्न आणि त्याला लागूनच दुसरा, "टाइम किती लागन?" पहिल्याचं उत्तर त्याला ठाऊक असतं, कारण अलीकडच्या दोन दुकानांत विचारूनच तो आलेला असतो. दुसऱ्याचं उत्तर खरं दिलं की तोंड वाकडं होतं आणि खोटं दिलं की गिऱ्हाईक पक्कं होतं. या धंद्यातली निम्मी भानगड त्या दुसऱ्या उत्तरात आहे.

त्याचंही चुकत नाही. आमच्या जिल्ह्यात पिकअपला सुटी नसते. मिरगाच्या आधी बियाणं आणि खताच्या थैल्या, दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीन, दिवाळीपासून कापूस. कापूस भरला की डाल्यातला ढीग कॅबिनच्याही वर जातो आणि मग जिनिंगच्या फाटकाबाहेर रांगेत रात्र काढायची. उरलेल्या दिवसांत भाजीपाला, सिमेंट, टिनं, बकऱ्या. लग्नसराईत माणसंसुद्धा, नेऊ नयेत तरी. फायनान्सचा हप्ता मात्र महिन्याच्या ठरल्या तारखेला. गाडी उभी राहिली म्हणजे भाडं गेलं, ड्रायव्हरचा रोज अंगावर पडला, आणि ज्याचा माल न्यायचा होता त्याने दुसऱ्या पिकअपला फोन लावला. समोरच्या काचेतला तडा घेऊन लोक महिनोन्‌महिने गाडी चालवतात ते कंजूषपणाने कमी आणि या हिशोबाने जास्त.

तडे कुठून येतात हे आमच्या रस्त्यांवरून एकदा फिरलं की कळतं. पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग आणि वर्ध्याकडून येऊन कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड करत नांदेडकडे जाणारा महामार्ग, हे दोन्ही आता रुंद झालेत. रुंद रस्त्यावर वेग वाढला आणि वेगाबरोबर गिट्टीचा मारही वाढला. क्रशरवरून निघालेला टिप्पर ताडपत्री न बांधता पुढे चालला असेल तर त्याच्या मागे राहणारा पिकअप काच घालवणारच. वणीकडे कोळशाचे टिप्पर आहेत, मुकुटबनकडे सिमेंटचे. दोन गाड्या ताशी साठ-सत्तरच्या वेगाने समोरासमोर येतात आणि टायरमधून उडालेला हरभऱ्याएवढा दगड काचेवर बसतो, तेव्हा त्याचा वेग दोन्ही गाड्यांचा मिळून असतो. रोही (नीलगाय) आडवा आला तर काचेचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, त्यामुळे ते इथे सोडून देतो.

काच बदलायची का, हे आधी ठरवायचं असतं, आणि हे काम दुकानात येण्याच्याही आधीचं आहे. समोरची काच दोन काचांची असते, मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पडदा दाबून बसवलेला. गिट्टी लागते तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच दुखावते. खड्डा रुपयाच्या नाण्याखाली झाकला जात असेल, ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर नसेल आणि काचेच्या कडेपासून लांब असेल, तर तो भरता येतो. छोट्या पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, त्या जागी रेझिन ढकलायचं आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट करायचं. डाग थोडा दिसतो, पण तडा पुढे सरकत नाही. खर्च नव्या काचेच्या मानाने किरकोळ, आणि गाडी तासाभरात रस्त्यावर. पिकअपवाल्याला हवं ते सगळं यात आहे, तरी हे काम माझ्याकडे फार कमी येतं. कारण लोक गिट्टी लागल्यावर येत नाहीत, तडा वीतभर झाल्यावर येतात. तोवर त्या खड्ड्यात धूळ, वायपरचं पाणी आणि साबण शिरलेलं असतं. घाण भरलेल्या खड्ड्यात रेझिन धरत नाही. म्हणून ओळखीच्या ड्रायव्हरांना मी सांगून ठेवलंय की डॅशबोर्डात सेलोटेप ठेवा. गिट्टी लागली की गाडी बाजूला घेऊन, काच पुसून, त्या टिपक्यावर टेपचा तुकडा लावा आणि मगच पुढे जा.

तडा वाढतो तो बहुधा उन्हाने. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. उन्हात उभ्या गाडीची काच हात लावू देत नाही, आणि अशा काचेवर वॉशिंग सेंटरवाला थंड पाण्याचा फवारा सोडतो. बाहेरचा थर आकसतो, आतला तसाच ताणलेला राहतो. टीचभर असलेला तडा डोळ्यांदेखत दुसऱ्या टोकाला पोचतो. गिऱ्हाईक मग वॉशिंगवाल्याशी भांडतं. वॉशिंगवाला म्हणतो, तडा आधीचा होता. दोघंही खरं बोलत असतात.

आणखी एक गोष्ट मी गाडी आल्याबरोबर पाहतो, ती म्हणजे तडा सुरू कुठे झाला. नखाने चाचपलं की गिट्टीचा खड्डा लागतो. खड्डाच नसेल आणि तडा सरळ काचेच्या कडेतून, रबराच्या आतून निघालेला असेल, तर दोष रस्त्याचा नाही. चौकट कुठेतरी काचेला टोचते आहे. आत गंजाचा फुगवटा आहे, किंवा कधीतरी अपघातानंतर डेंटरने वेल्डिंग केलं आणि उंचवटा घासायचा राहिला, किंवा ओव्हरलोड गाडी खड्ड्यांतून गेली तेव्हा कॅबिनला पीळ बसला. अशा गाडीला नुसती नवी काच लावली तर तीही त्याच कोपऱ्यातून जाते. मग लोक म्हणतात, काच डुप्लिकेट निघाली.

काच अस्सल की नकली यावर इथे चहाच्या टपरीवर तासभर वाद होऊ शकतो. तो वाद मी एका वाक्यात संपवतो. काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं वाचा. आयएसआयची खूण आणि तिच्यासोबत आयएस २५५३ हा क्रमांक असला पाहिजे, कारण वाहनांच्या सुरक्षा काचेचं भारतीय मानक ते आहे. बनवणाऱ्याचं नाव आणि काच लॅमिनेटेड असल्याची नोंदही तिथेच असते. गाडीच्या कंपनीचं चिन्ह असलेली काच शोरूममधून येते. तशाच कारखान्यातून निघालेली, चिन्ह नसलेली काच बाजारात स्वस्त मिळते. सेंट-गोबेनचा कारखाना आपल्या चाकणला आहे, असाहीचा तळोज्याला. मानकाची खूण असलेली बाजारातली काच पिकअपला लावायला मला काही हरकत वाटत नाही. खूणच नसलेली काच मी दुकानात घेत नाही.

लॅमिनेटेड का, हे मात्र सांगावं लागतं, कारण "टफन काच मजबूत असते ना भाऊ?" असं विचारणारे अजून भेटतात. टफन काच मजबूत असतेच, दाराच्या काचा त्याच असतात. पण फुटते तेव्हा ती एका क्षणात हजारो दाण्यांची होते. समोरची काच अशी झाली तर ड्रायव्हर चालत्या गाडीत आंधळा होतो. लॅमिनेटेड काच फुटली तरी पडद्याला चिकटून जागेवर राहते, तडे घेऊन का होईना, गाडी बाजूला घेण्याइतपत दिसतं. १९०३ मध्ये बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक चंबू उंचावरून पडला आणि फुटूनही विखुरला नाही, कारण आत कधीकाळी ठेवलेल्या द्रावणाचा थर वाळून काचेला धरून होता. कल्पना तिथून निघाली. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला शंभरावा नियम काचेचा आहे. त्यात १९९३ ला दुरुस्ती झाली आणि त्यानंतर तीन वर्षांनी बनलेल्या गाड्यांना समोरची काच लॅमिनेटेडच हवी असं ठरलं. भंगारातून निघालेली जुन्या गाडीची काच स्वस्तात बसवणारे आहेत, तेव्हा हे ठाऊक असलेलं बरं.

पिकअपच्या काचा माझ्याकडे नागपूरहून येतात, रात्रीच्या ट्रान्सपोर्टने. लाकडी चौकटीत, उभ्या. काच आडवी ठेवून आणली असेल तर मी ती उतरवूनच घेत नाही, मग हमाल कितीही कुरकुरो. उतरवल्यावर चारही कडांवरून बोट फिरवायचं; कडेचा बारीकसा टवका उडालेला असेल तर तडा तिथूनच सुरू होणार. मग ती काच उन्हात तिरपी धरून तिच्यातून रस्त्यापलीकडच्या विजेच्या तारा पाहायच्या. काच हळूहळू हलवताना तार वाकडी-तिकडी होत असेल तर रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवेही तसेच नाचतील आणि ड्रायव्हरचं डोकं चढेल. गिऱ्हाइकानेही हे करून पाहावं. दुकानदाराला राग येत असेल तर दुकान बदलावं.

आता बसवण्याकडे येतो. काच दोन प्रकारांनी बसते. टाटा ४०७ सारख्या जुन्या वळणाच्या गाड्यांत ती रबरात असते. रबर काचेभोवती चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी भरायची, साबणाचं पाणी लावायचं, काच बाहेरून चौकटीला टेकवायची; बाहेरचा माणूस तळहाताने दाबत राहतो आणि आतला माणूस दोरी ओढत जातो. दोरी निघते तसं रबराचं पातं पत्र्याच्या आत उडी मारून बसतं. हे काम पाहायला पोरं जमतात. यात वाळायचं काही नसतं, गाडी लगेच निघते. वाद होतो तो रबरावरून. "जुनंच लावा ना, चांगलं तं हाये." उन्हाने कडक झालेलं रबर नव्या काचेला पुन्हा धरत नाही. पहिल्याच पावसात कोपऱ्यातून पाणी आत येतं, फ्यूज बॉक्सवर ठिबकतं आणि काचेवर वाचवलेले पैसे वायरमनकडे जातात. तरी शंभरात नव्वद जण जुनं रबर वाचवायला बघतातच, असं म्हणायचा मोह होतो. प्रत्यक्षात मी जुनं रबर नवं सांगून लावत नाही एवढं सांगून टाकलं की बरेचसे ऐकतात.

दुसरा प्रकार पेस्टिंगचा. नव्या गाड्यांत काच पत्र्याच्या कडेवर काळ्या पॉलियुरेथेनच्या पेस्टने चिकटवलेली असते. इथे काच हा कॅबिनचा भाग होऊन बसते. गाडी उलटली तर छताला आधार देणाऱ्यांत ती असते, आणि ज्या गाडीत डावीकडच्या सीटपुढे एअरबॅग आहे तिथे ती फुगताना काचेचाच टेकू घेते. आमच्याकडच्या पिकअपमध्ये याहून रोजची गोष्ट वेगळी आहे. पुढे तीन-तीन माणसं बसतात, मधल्याला पट्टा नसतो, असला तरी लावत नाहीत. कचकन ब्रेक लागला की मधला माणूस काचेवर जातो. काच पक्की असेल तर त्याचं डोकं फुटतं. पेस्ट ओली असेल तर काच आणि माणूस दोन्ही रस्त्यावर जातात. हे ऐकवायला वाईट वाटतं, पण इंजिन बंद न करणाऱ्या ड्रायव्हरला मी हेच ऐकवतो.

पेस्ट वाळते कशी, याबद्दल आमच्या उन्हाळ्याने लोकांचा पुरता गैरसमज करून ठेवला आहे. इथे धुतलेली चादर अर्ध्या तासात वाळते, मग पेस्टही वाळणारच, असं वाटणं साहजिक आहे. पण ही पेस्ट पाणी गमावून वाळत नाही, हवेतली वाफ ओढून घट्ट होते. नळीसोबतच्या कागदावर जे तास लिहिलेले असतात ते २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता धरून. मे महिन्यातल्या दुपारी यवतमाळात तापमान त्याच्या जवळपास दुप्पट आणि आर्द्रता त्याच्या निम्म्याहून कितीतरी खाली. गरमीने पेस्ट लवकर धरते हे खरं. पण वाफच नसेल तर त्या गरमीचा उपयोग अपुराच. वरून बोट लावलं की कातडी आलेली असते, बोटाला काही लागत नाही, आणि आत पेस्ट मऊच असते. घट्ट होणं बाहेरून आत चालतं, दिवसाला काही मिलिमीटर या गतीने. बोट लावून "वाळलं की!" म्हणणाऱ्या ड्रायव्हरला त्याच्या बोटाने फसवलेलं असतं.

बाजारात लवकर गाडी सोडता येणाऱ्या पेस्टही आहेत, तासाभरात चालेल अशा; त्या महाग. साध्या पेस्टला रात्र द्यावी लागते. गिऱ्हाइकाने काचेच्या भावाइतकंच पेस्टचं नाव आणि तिच्या कागदावरचे तास विचारायला हवेत, आणि नळीवरची तारीखसुद्धा. पॉलियुरेथेनची नळी वर्षभराच्या आत वापरायची असते आणि थंड जागी ठेवायची असते. टिनाच्या दुकानात एप्रिल-मे काढलेली नळी गनमधून बाहेरच यायला तयार नसते, किंवा येते ती गाठी-गाठीची. मी नळ्या घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो; बायकोने त्यावर जे बोलायचं ते बोलून झालेलं आहे. पेस्टच्या आधी लावायच्या प्रायमरचंही असंच. उघडलेली बाटली हवेतली वाफ पिऊन खराब होते. तळाशी खडे दिसले की ती फेकायची, मग अर्धी भरलेली असली तरी.

उन्हाळ्यात मी काम सावलीत आणि कूलर लावून करतो. विदर्भात प्रत्येक दुकानात मोठा पत्र्याचा कूलर असतोच, तो गिऱ्हाइकासाठी असतो असं समजतात. त्याच्या ओल्या हवेने दुकानातली कोरड मोडते आणि पेस्टला हवी ती वाफ मिळते. फक्त हवा थेट चौकटीवर मारायची नाही, धूळ बसते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पेस्ट ओढायची नाही. गाडी आधी निवू द्यायची. पावसाळ्यात उलट. हवेत वाफ भरपूर, पण पत्र्याची कड ओली असेल तर प्रायमर धरत नाही. रिमझिम चालू असताना छपराबाहेर काच बसवून देणारा माणूस वेळ वाचवत असतो, स्वतःचा.

आणि सिलिकॉन. बाथरूमच्या खिडकीला लावतात ते. काच चिकटल्यासारखी दिसते, पाणीही काही दिवस थांबतं, आणि नळी पेस्टच्या मानाने अगदी स्वस्त. पण त्यात काच धरून ठेवायचा जोर नसतो. शिवाय एकदा सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर नंतर पॉलियुरेथेन नीट धरत नाही, त्याचा तेलकट अंश सगळा घासून काढेपर्यंत. दुसऱ्याने सिलिकॉनने बसवलेली काच दुरुस्तीला आली की मी मजुरी वाढवून सांगतो, आणि का ते दाखवतोही.

सगळ्यात कमी बोललं जातं ते जुनी काच काढण्याबद्दल. तार किंवा कटर घालून जुनी पेस्ट कापायची, पण सगळी खरवडून पत्रा उघडा करायचा नाही. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवायचा, कारण तो कारखान्यात बसलेला असतो आणि नवी पेस्ट त्याला उत्तम धरते. घाईत कटर घसरतो आणि पत्र्याचा रंग ओरखडतो. त्या ओरखड्यावर प्रायमर न लावता पेस्ट ओढली तर काचेखाली गंज सुरू होतो आणि तो कोणाला दिसत नाही. पिकअपचे खालचे दोन कोपरे मी नेहमी मालकाला बोलावून दाखवतो, फोनवर बोलत असला तरी. पाणी तिथे साचतं, तिथे पत्रा पापड झालेला असतो. तो घासून, प्राइम करून, गरज पडली तर डेंटरकडून शिवून घ्यावा लागतो आणि त्यात अर्धा दिवस जातो. "यंदा राहू द्या, पुढच्या पासिंगले पाहू," हे उत्तर ठरलेलं. ते ऐकून मी काच बसवत नाही असं नाही. पण गंजलेल्या कडेवरच्या पेस्टची हमी देत नाही आणि तसं बिलावर लिहितो. बिलावर लिहिलं की बरेचदा मालकाला अर्धा दिवस सापडतो.

विम्याचं थोडक्यात. थर्ड पार्टी विम्यात स्वतःच्या काचेचा पैसा मिळत नाही. फर्स्ट पार्टी असेल तर काचेला घसारा लावत नाहीत, रबर-प्लास्टिकला मात्र ५० टक्के लावतात. वर ठरावीक वजावट असतेच. जुनी काच काढण्याआधी कंपनीला कळवायचं, फुटक्या काचेचा नंबरप्लेटसकट फोटो घ्यायचा, सर्व्हेअर येणार असेल तर थांबायचं. काच काढून भंगारात टाकल्यावर केलेल्या क्लेमला काही अर्थ उरत नाही. आणि क्लेम करण्याआधी नो क्लेम बोनस बघा. वर्षामागून वर्ष क्लेम न केलेल्याला हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळत असते, ती एका क्लेमने जाऊ शकते. पन्नास टक्क्यांवर पोचलेल्या माणसाने साध्या पिकअपच्या काचेसाठी क्लेम करणं मला बहुतेक वेळा तोट्याचं दिसतं. एजंटला विचारावं, पण पाटी-पेन्सिल स्वतः घेऊन.

काचेवर चिकटलेल्या गोष्टी काचेबरोबर जातात हे ऐन वेळी लक्षात येतं. फास्टॅग सोलून काढला की आतली पातळ अँटेना फाटते, तो पुन्हा लावून चालत नाही. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे बदली टॅग आधीच मागवायचा. नाहीतर केळापूरच्या टोलवर नवी काच घेऊन जादा पैसे भरायचे. टॅग डॅशबोर्डवर ठेवून हाताने दाखवणाऱ्यांनाही दुप्पट आकारणीचा नियम २०२४ मध्ये आला होता. एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेटीबरोबर काचेला आतून लावायचं रंगीत स्टिकर येतं, डिझेल गाडीला नारिंगी. तेही फाटतं, त्याचीही बदली घ्यावी लागते, आणि आता जुन्या गाड्यांनाही ही प्लेट लावून घ्यायला सांगितल्यापासून त्याची विचारणा वाढली आहे.

सरकारी स्टिकर गेल्याचं दुःख कोणाला होत नाही. दुःख होतं ते "जय सेवालाल"चं. आमच्याकडे बंजारा समाजाचे कितीतरी पिकअप आहेत आणि काचेच्या वरच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत हे नाव असतं. कोणाकडे "जय भीम", कोणाकडे आईवडिलांचा आशीर्वाद, कोणाकडे पोरीचं नाव. जुनी काच उतरवताना मालक बाजूला उभा राहून विचारतो, "ते काढता येईन का?" येत नाही. रेडियमवाला शेजारीच आहे, तो तसंच नवीन कापून देतो. मी एवढंच सांगतो की पट्टी वरच्या काळ्या बॉर्डरच्या आसपासच ठेवा, खाली उतरवू नका. उन्हासाठी काळी फिल्म मागणारेही पुष्कळ. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५० टक्के, असा नियम आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्मबाबत आदेश दिल्यापासून पोलिसांनी रस्त्यात उभं राहून त्या सोलल्या होत्या. पंचेचाळीस अंशांत गाडी चालवणाऱ्याला हे सांगताना मलाही गोड वाटत नाही. हिरवट झाकेची काच मिळत असेल तर ती घ्या म्हणतो. थोडा फरक पडतो.

थांबण्यावर तोडगा निघाला तो गिऱ्हाइकांच्या वेळापत्रकातूनच. पिकअप रात्री बहुधा मोकळा असतो. म्हणून पेस्टिंगचं काम मी संध्याकाळी घेतो. माल उतरवून गाडी दिवेलागणीला आणायची, दुपारपेक्षा हवा जरा नरम झालेली असते, पत्रा निवालेला असतो. नऊ-साडेनऊपर्यंत काच बसते, टेप लावतो, दाराच्या काचा दोन बोटं खाली ठेवतो. सगळ्या काचा बंद असलेल्या कॅबिनचं दार आपटलं की आतली हवा ओल्या काचेला बाहेर ढकलते, म्हणून. गाडी रात्रभर दुकानातच आणि चावी माझ्या घरी. चावी ड्रायव्हरकडे राहिली तर गाडी राहत नाही, हे या जिल्ह्यातल्या कोणत्याही फिटरला विचारा.

पहाटे पाचला फोन येतो. "उघडा ना भाऊ, कळमन्याले जाचं हाये." मी जातो. बादलीने साधं पाणी काचेवर वरून सोडतो, आत टॉर्च लावून चारही कोपरे पाहतो. टेप आजचा दिवस राहू द्या, प्रेशरचं वॉशिंग दोन दिवस नको, खड्ड्यातून जरा दमानं, हे सांगून होतं. मग वायपर. जुन्या वायपरच्या रबरात वर्षभराची वाळू बसलेली असते आणि ती नव्या काचेवर पहिल्याच पावसात अर्धगोल ओरखडे काढते. ते काही केल्या जात नाहीत, आणि रात्री समोरच्या दिव्यांत नेमके तेच चमकतात.

"काचेचे एवढे देल्ले, आता वायपरचे बी?"

जोडीचे किती ते मी सांगतो. तो काचेकडे पाहतो, घड्याळाकडे पाहतो.

"एकच लावा. माह्या साइडचा. तिकडून पाह्यले कोण बसते?"